‘स्टारडस्ट’मागचे विली नेल्सन

एप्रिल १९७८ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सने विली नेल्सन यांचा ‘स्टारडस्ट’ हा अल्बम प्रसिद्ध केला. गीतकार म्हणून नाव कमावलेल्या या गायकाचे स्वतःचे एकही गाणे त्यात नव्हते. होती ती जुनी, संथ, कानाला सुखावणारी दहा लोकप्रिय अमेरिकन गाणी, तीही अर्व्हिंग बर्लिन, जॉर्ज गर्शविन, ड्यूक एलिंग्टन, होगी कारमायकल यांच्यासारख्यांनी रचलेली. अशी गाणी आता कोण विकत घेणार, ही कंपनीतील वरिष्ठांची शंका व्यापारी हिशेबाने अगदीच निराधार म्हणता येत नाही. मात्र नेल्सन यांच्या दृष्टीने हा प्रयोग नव्हताच.

त्यांचा जन्म १९३३ चा, टेक्सासमधील ॲबट या लहानशा गावातला. आई-वडील लवकर दुरावल्याने त्यांना आणि थोरली बहीण बॉबी हिला आजी-आजोबांनी वाढवले, आणि दोघांनाही संगीताचे पहिले धडे घरातच मिळाले. बॉबी पियानोवर आणि विली गिटारवर अशी ही जोडी जी गाणी वाजवायला शिकली, त्यांत चर्चमधील भजने होती, अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेली कंट्री गाणी होती आणि त्या काळी घरोघरी पोहोचलेली लोकप्रिय गाणीही होती. पुढे हेच भावंड ‘स्टारडस्ट’मध्येही एकत्र वाजवते, हा निव्वळ योगायोग नव्हे.

कंट्री संगीताच्या व्यवसायाचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलने त्यांना गीतकार म्हणून मान दिला, गायक म्हणून नाही. १९६१ मध्ये त्यांचे ‘क्रेझी’ पॅट्सी क्लाइन यांनी आणि ‘हॅलो वॉल्स’ फॅरन यंग यांनी गाजवले; त्यांच्या स्वतःच्या आवाजातील ध्वनिमुद्रिकांना मात्र तसे यश लाभले नाही. तालाच्या किंचित मागे रेंगाळायचे, मधूनच पुढे धावायचे आणि तरीही नेमक्या जागी येऊन मिळायचे, ही त्यांची गायकी तिथल्या ठाशीव साच्यात बसत नव्हती. १९७० च्या सुमारास नॅशव्हिलजवळचे त्यांचे घर जळाल्यानंतर ते टेक्सासला परतले आणि ऑस्टिनमध्ये त्यांना तरुण श्रोता सापडला. कोलंबियाशी केलेल्या करारात कलाविषयक निर्णय स्वतःच्या हाती राखून त्यांनी १९७५ मध्ये ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ काढला. मोजक्या वाद्यांवरचा तो अल्बम अफाट खपला, आणि तीन वर्षांनी कंपनीचा विरोध डावलता आला तो मुख्यतः त्या यशाच्या बळावर.

‘स्टारडस्ट’ला निमित्त मिळाले ते कॅलिफोर्नियातील मालिबूच्या शेजाराचे. मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्समधून पुढे आलेले, ‘ग्रीन अनियन्स’ या वाद्यसंगीताच्या रचनेमुळे ख्यातनाम झालेले ऑर्गनवादक बुकर टी. जोन्स तिथे राहत होते. नेल्सन यांनी त्यांना ‘मूनलाइट इन व्हरमाँट’ची वाद्यरचना बांधून मागितली. हे गाणे वरवर सोपे वाटते, पण त्याच्या कडव्यांत यमकच नाही, त्यामुळे ते तोलून धरण्याचा सारा भार सुरावटीवर आणि शब्दफेकीवर पडतो. जोन्स यांनी केलेले काम इतके आवडले, की अख्ख्या अल्बमची निर्मिती त्यांच्यावरच सोपवण्यात आली.

डिसेंबर १९७७ मध्ये ध्वनिमुद्रण झाले, तेही प्रशस्त स्टुडिओत नव्हे, तर निर्माते ब्रायन अहर्न यांच्या ट्रकमध्ये बसवलेल्या फिरत्या यंत्रणेवर. व्हायोलिनवृंदाचा भरगच्च थाट अशा गाण्यांना सहसा दिला जातो. येथे जोन्स यांनी तारवाद्यांचा वापर हात राखून केला आणि गाभ्याशी नेल्सन यांचा नेहमीचाच ताफा ठेवला. मिकी राफेल यांची हार्मोनिका जिथे येते, तिथे ती गायकाला उत्तर दिल्यासारखी येते. नेल्सन यांच्या हाती होती ‘ट्रिगर’ ही नायलॉनच्या तारांची मार्टिन गिटार, जिच्या लाकडाला वर्षानुवर्षांच्या वादनाने भोक पडले आहे. तिचा थोडा कोरडा, तुटक स्वर या मखमली गाण्यांना गुळचट होऊ देत नाही, आणि माझ्या मते अल्बमचे अर्धे श्रेय त्या स्वराचे आहे.

‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ आणि ‘ब्लू स्काइज’ ही दोन्ही गाणी १९७८ मध्ये कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. पहिल्या गाण्यासाठी नेल्सन यांना गायनाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. अल्बम स्वतः ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या कंट्री यादीत सुमारे दहा वर्षे टिकून राहिला. १९८३ मध्ये ‘विदाउट अ साँग’ हा जुन्या गाण्यांचा आणखी एक अल्बम काढताना नेल्सन यांनी निर्माता म्हणून पुन्हा जोन्स यांनाच बोलावले.