वजाबाकीतून उरलेला वुल्व्हरिन

गणपतीत घरी जमलेल्या पोरांना तासभर एका जागी बसवायला मी चिठ्ठ्यांचा खेळ काढला. चिठ्ठीवर सुपरहिरोचं नाव. ज्याला चिठ्ठी येईल त्याने तोंडातून अक्षर काढायचं नाही, फक्त कागदावर चित्र काढून दाखवायचं, तेही दहा सेकंदांत. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला वुल्व्हरिन आला. त्याने बटाट्यासारखी एक मूठ काढली आणि तिच्यातून रेघा ओढायला घेतल्या. तिसरी रेघ पुरी व्हायच्या आत चौघं ओरडले. पुढचा कॅप्टन अमेरिका. गोलात गोल, मध्ये चांदणी, खलास. मग एकीला हॉकआय आला. तिने धनुष्य काढलं, बाण काढला, ताणलेली दोरीसुद्धा काढली. "अर्जुन!" "एकलव्य!" "राम!" वेळ संपली. पोलादी अंगाच्या कोलोससचे तर हालच झाले. पिळदार दंडांचा एक माणूस पाहून पोरांनी सुपरमॅन, हल्क आणि शेवटी "जिमवाला दादा" इथपर्यंत मजल मारली.

खेळानंतर वाद रंगला, आणि त्यात ठरलं काय, तर जो सगळ्यांत पावरफुल तो सगळ्यांत फेमस. हा समज मोठ्यांमध्येही पक्का आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. एक्स-मेन या कॉमिकमधल्या, म्हणजे वुल्व्हरिनच्याच चमूतली जीन ग्रे 1980 सालच्या एका अंकात आख्खा तारा गिळते आणि त्याच्याभोवती फिरणारा वसलेला ग्रह बेचिराख करते. वुल्व्हरिनची धाव काय, तर जखमा लवकर भरतात आणि मुठीतून पाती निघतात. त्याच्या हाडांवर धातूचा मुलामा, त्यामुळे चुंबकशक्तीवाला मॅग्नेटो त्याला बाहुलीसारखा हवेत टांगतो. 1993 मध्ये तर त्याने तो धातू वुल्व्हरिनच्या अंगातून ओढूनच काढला. तरीही टी-शर्टावर, दप्तरावर, मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर कोण असतो? ताकद हे माप असतं, तर या गड्याचा नंबर बराच खाली लागला असता.

माझं म्हणणं असं, की चमूतला एखादा नायक लोकांच्या मनात ठसतो तो त्याच्या अंगच्या गुणांच्या बेरजेने नाही. ठसतो तो वजाबाकीने. त्याच्यातून बाकीचा चमू वजा केल्यावर जे उरतं, तेवढंच आपला मेंदू जपून ठेवतो. हे समजायला आधी एक जुना प्रयोग बघू आणि मग कबुतरांकडे जाऊ.

1933 साली बर्लिनमध्ये हेडविग फॉन रेस्टॉर्फ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना याद्या पाठ करायला दिल्या. निरर्थक अक्षरजोड्यांची लांबलचक यादी आणि तिच्यात एकच आकडा. नंतर विचारलं तर आकडा लोकांना हमखास आठवायचा. यात काय मोठंसं, वेगळं दिसतं ते लक्षात राहतंच, असं वाटेल. पण बाईंनी दोन गोष्टी फार हुशारीने केल्या होत्या. एक म्हणजे तो आकडा त्यांनी यादीच्या अगदी सुरुवातीला ठेवला. तिथे वाचणाऱ्याला पुढे सगळ्या अक्षरजोड्याच येणार आहेत हे ठाऊकच नसतं, म्हणजे आकडा पाहून दचकण्याचा प्रश्न येत नाही. तरी तो लक्षात राहिला. दुसरं म्हणजे तोच आकडा त्यांनी अशा यादीतही घालून पाहिला, जिच्यात प्रत्येकच वस्तू वेगळ्या जातीची होती. तिथे त्याची जादू ओसरली. थोडक्यात, वेगळेपण हा आकड्याचा गुण नव्हताच, ती त्याच्या शेजाऱ्यांची कृपा होती. आमच्या हॉकआयचं काय झालं ते आता कळेल. अ‍ॅव्हेंजर्समध्ये धनुष्यवाला तो एकटा, पण आपल्याकडच्या मुलाच्या डोक्यात धनुर्धाऱ्यांची आधीच रांग लागलेली असते.

आता कबुतरं. हा माझा सगळ्यांत आवडता प्रयोग, त्यामुळे जरा रेंगाळणार आहे.

1959 साली हॅन्सन या संशोधकाने कबुतरांना 550 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे पिवळसर हिरवा प्रकाश दाखवला. या प्रकाशावर चोच मारली की दाणे मिळायचे. मग काही कबुतरांना आणखी एक प्रकाश दाखवायला सुरुवात केली, समजा 560 नॅनोमीटरचा, किंचित जास्त पिवळा. याच्यावर कितीही चोची मारा, दाणा मिळणार नाही. कबुतरं शहाणी, फरक शिकली. मग परीक्षा घेतली. वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश एकेक करून दाखवले आणि चोची मोजल्या. सर्वांत जास्त चोची कुठे पडाव्यात? जिथे दाणे मिळत होते तिथे, 550 वर. पण पडल्या 540 च्या आसपास. ज्या रंगावर त्या कबुतरांना कधी एक दाणाही मिळाला नव्हता, तो त्यांना मूळ रंगापेक्षा जास्त प्रिय झाला होता. याला पीक शिफ्ट म्हणतात. आपण शिखर सरकणं म्हणू.

असं का व्हावं? याचं उत्तर प्रयोगाच्या बावीस वर्षं आधीच, 1937 मध्ये स्पेन्सने मांडून ठेवलं होतं, आणि ते शुद्ध वजाबाकीचं आहे. कागद-पेन्सिल घ्या. आकडे माझे, केवळ समजुतीसाठी. 550 वर दाणे मिळाले की तिथे ओढीचा डोंगर तयार होतो आणि त्याचे उतार आजूबाजूला पसरतात. समजा 550 वर ओढ 100, 540 आणि 560 वर 80, 530 वर 40. तसाच नकाराचा एक डोंगर 560 वर उभा राहतो, जरा बुटका. 560 वर 60, 550 वर 45, 540 वर 20, 530 वर 5. आता एकातून दुसरा वजा करा. 560 वर उरले 20. 550 वर 55. 540 वर 60. 530 वर 35. शिखर कुठे गेलं? 540 वर. नकाराच्या डोंगराने आपल्या बाजूचा उतार खाऊन टाकला आणि टोक पलीकडे सरकलं. दोन डोंगर जितके जवळ, तितकं सरकणं जास्त. हॅन्सनच्या कबुतरांतही तेच दिसलं. त्यांच्या बाबतीत आणखी एक गंमत होती. सरकलेलं शिखर मूळ शिखरापेक्षा उंचही होतं, म्हणजे फक्त 550 शिकलेल्या कबुतरांपेक्षा ही कबुतरं 540 वर जास्त जोमाने चोची मारत होती. वजाबाकी केल्यावर उंची कमीच व्हायला हवी, त्यामुळे इथे स्पेन्सचं गणित अपुरं पडतं. त्या वाटेने मी तुम्हाला नेत नाही, परतायला उशीर होईल.

ज्यांनी आकडे गाळून थेट इथे उडी मारली असेल त्यांच्यासाठी सार एवढंच: "हे हवं" आणि "ते नको" हे दोन्ही शिकलेल्या मेंदूला मूळ गोष्टीपेक्षा तिची अतिशयोक्ती जास्त भावते. आणि अतिशयोक्ती कुठल्या दिशेने? नकोशा शेजाऱ्यापासून दूर.

माणसाच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते चेहऱ्यांत. 1987 मध्ये ऱ्होड्स, ब्रेनन आणि कॅरी यांनी ओळखीच्या लोकांचे चेहरे रेषांत काढले. काही हुबेहूब, काही संगणकाने सरासरी चेहऱ्यापासून लांब खेचलेले, म्हणजे नाक मोठं तर आणखी मोठं. खेचलेले चेहरे लोकांनी हुबेहूब चित्रांपेक्षा लवकर ओळखले. या प्रकाराला मराठीत इतका नेमका शब्द आहे की तो घडवणाऱ्याला दंडवत घालावासा वाटतो: अर्कचित्र. चेहऱ्यातून सगळ्यांसारखं पाणी उडवून दिलं की खाली राहतो तो अर्क. व्यंगचित्रकाराची लेखणी एका अर्थी वजाबाकीच करत असते.

आता एक्स-मेनकडे या. 1963 साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी हा चमू सुरू केला तेव्हा पाचही जणांचा गणवेश जवळजवळ सारखा होता, शाळेच्या पोरांसारखा. मालिका रखडली. 1970 मध्ये नव्या गोष्टी बंद पडल्या आणि पुढची काही वर्षं जुनेच अंक पुन्हा छापून निघत राहिले. 1975 मध्ये लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी नवा चमू आणला: केनियातून स्टॉर्म, जर्मनीतून नाइटक्रॉलर, सायबेरियातून कोलोसस, आणि कॅनडातून वुल्व्हरिन, जो आदल्या वर्षी हल्कच्या अंकात लढून गेला होता. बाकीचे बहुतेक उंच, देखणे. हा सव्वापाच फूट, केसाळ, उर्मट, कॅप्टनचं न ऐकणारा. सायक्लॉप्ससारखा शिस्तीचा कॅप्टन रोज शेजारी उभा असला की नकाराचा डोंगर आयताच मिळतो.

याच वेळी माझ्या लाडक्या सिद्धान्ताला साजेसा एक अपघात घडला. वुल्व्हरिनचा मूळ पोशाख जॉन रोमिटा यांनी आखला होता आणि त्यातल्या मुखवट्याचे काळे कान आटोपशीर होते. नव्या चमूच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ गिल केन यांनी काढलं आणि काढताना ते कान चुकून भलतेच लांब झाले, पंखांसारखे. दुसरा कुणी असता तर दुरुस्त करून घेतलं असतं. आतली पानं काढणाऱ्या कॉक्रमना मात्र ती चूक आवडली, त्यांनी आतही तसंच काढलं. आज सावलीवरूनही जो मुखवटा ओळखू येतो तो त्या चुकीचा. 550 वर बेतलेलं होतं, हात घसरला आणि 540 वर पडलं.

पात्यांचंही तसंच. वीन यांच्या मनात ती हातमोज्यांत बसवलेली होती. 1976 मध्ये त्यांच्यानंतरचे लेखक क्रिस क्लेरमॉन्ट यांनी दाखवलं की ती त्याच्या हातातूनच निघतात. हातमोजा कुणीही घालू शकतो, म्हणजे तो सगळ्यांत वाटला जाणारा गुण. हाडातून निघणारं पातं कुणाशी वाटता येत नाही, वजाबाकीत ते पूर्ण शिल्लक राहतं.

उलट उदाहरण त्याच चमूत आहे. थंडरबर्ड नावाचा एक अपाचे योद्धाही त्या दिवशी भरती झाला होता. ताकदवान आणि तापट. पण ताकदीला कोलोसस होता, तापटपणाला वुल्व्हरिन होता. बाकीचे वजा केल्यावर बिचाऱ्याचं उरणार काय? काही अंकांतच, 1975 मध्येच, त्याला मारून टाकलं.

इथे चाणाक्ष वाचक मला अडवेल. वेगळेपणच हवं तर नाइटक्रॉलर का नाही? निळं अंग, शेपटी, टोकदार कान, हाताला तीनच बोटं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर अर्धंमुर्धं आहे: तो इतक्या बाजूंनी वेगळा आहे की आलेखाबाहेरच जातो, आणि फॉन रेस्टॉर्फ बाईंच्या आकड्याला आजूबाजूच्या सारखेपणाची गरज असते. अर्कचित्रही प्रमाणाबाहेर ताणलं की चेहरा हरवतो. उरलेलं अर्धं उत्तर कंटाळवाणं आहे. वुल्व्हरिनला 1982 मध्ये स्वतंत्र चार अंक मिळाले, 1988 मध्ये स्वतःची मालिका, मग चित्रपट. झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्येच दाखवलंय की एखादी गोष्ट नुसती वारंवार दिसली तरी आवडू लागते. दुकानात सगळीकडे तोच टांगलेला असेल तर माझ्या कबुतरांना किती श्रेय द्यायचं?

आणि चित्रपटांनी तर मला खोटंच पाडलं. 2000 साली पडद्यावर आलेला वुल्व्हरिन सहा फुटांवरचा ह्यू जॅकमन होता. बुटकेपणा गेला, मुखवटा गेला, पिवळा रंग गेला, तरी माणूस चालला. पाती आणि स्वभाव एवढ्यावर भागलं. मुखवटा चढायला 2024 उजाडावं लागलं, आणि तो चढला त्या क्षणी आमच्या थिएटरात ज्या शिट्ट्या पडल्या, त्यांचा आवाज मात्र मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून जमा धरतो.

एक सांगायलाच हवं. सुपरहिरोंवर कुणी कबुतरांसारखा नियंत्रित प्रयोग करून हे सिद्ध केलेलं नाही; कबुतर ते कॉमिक ही उडी माझी. कलेला शिखर सरकण्याचा नियम लावावा, हे मेंदूचे अभ्यासक रामचंद्रन आणि त्यांचे सहलेखक हर्स्टीन यांनी 1999 मध्ये मांडलं, तेही गृहीतक म्हणूनच, आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. म्हणून "मेंदूत डोपामाइन सुटतं म्हणून हा हिरो आवडतो" असं दीड मिनिटाच्या रीलमध्ये ठणकावून सांगणाऱ्यांपासून जपून. डोपामाइन चहा पिताना, जुगार खेळताना, मॅच बघतानाही येतं-जातं; त्याने वुल्व्हरिन आणि थंडरबर्डमधला फरक कळत नाही. आपल्याकडे तर याहून सोपा धंदा आहे. अंकशास्त्री गाठायचा, चित्रपटाच्या नाहीतर स्वतःच्या नावात एक जादा अक्षर घालायचं आणि यशाची वाट बघत बसायचं. सगळ्यांनीच जादा अक्षर घातलं की त्या यादीत वेगळं काय उरतं, हे त्या अंकशास्त्र्याला विचारायला हवं.

खेळ संपल्यावर कागद आवरताना भाच्याचं चित्र हाती आलं. त्याने काढलेली पाती कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातापेक्षा लांब होती. मी म्हटलं, "अरे, ही आत जातात तेव्हा मावणार कुठे?"

त्याने क्षणभर चित्राकडे पाहिलं. "मामा, छोटी काढली होती आधी. ती काट्याच्या चमच्यासारखी दिसत होती."