विहिरीच्या पाण्यावर डिझेलचा तवंग : नमुना कसा घ्यावा, अहवाल कसा वाचावा

तवंग दिसला की लवकर नमुना घ्या. डिझेल जमिनीत उतरलं की मातीतले जिवाणू ते खायला लागतात आणि कुणाच्या टाकीतलं हे ओळखायच्या खुणा एकेक करून पुसल्या जातात. सरळ साखळीचे अल्केन (कार्बन-हायड्रोजनची साधी संयुगं) आधी संपतात. फांद्या असलेले प्रिस्टेन आणि फायटेन जास्त टिकतात. स्टेरेन, होपेन ही वलयांची संयुगं सगळ्यात शेवटी जातात.

आमच्या प्रयोगशाळेच्या अहवालात सी-१७ (१७ कार्बनचं सरळ साखळीचं अल्केन) आणि प्रिस्टेनचं गुणोत्तर असतं. दोन्ही जवळपास एकाच तापमानाला उकळतात, त्यामुळे नुसतं उन्हाने उडालं तर गुणोत्तर फारसं हलत नाही. ते उतरलं असेल तर ते जिवाणूंचं काम. तेवढ्यावरून ‘हे डिझेल दुसऱ्या टाकीचं’ असं कुणी म्हणत असेल तर मानू नका. पुढे प्रिस्टेनही खाल्लं जातं, मग हा आकडाही फसवतो. होपेन टिकाऊ खरे, पण ते इंजिन ऑइलमध्ये असतात, डिझेलमध्ये जवळपास नसतातच. डिझेलसाठी द्विवलयी सेस्क्विटर्पेन (दोन वलयांची लहान संयुगं) बघावे लागतात.

गळती किती जुनी, हे गुणोत्तरावरून आम्ही लिहून देत नाही. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, डिझेल थेट मुरमात उतरतं. पावसाळ्यात माती फुगून हवा बंद होते आणि जिवाणूंचं काम मंदावतं. एकाच वावरात वरच्या मातीतलं डिझेल जुनं आणि खालचं ताजं वाटू शकतं.

नमुना मोटार सुरू करण्याआधी घ्या. तेल वर तरंगतं आणि सबमर्सिबल खालचं पाणी ओढतं, म्हणून पाइपचं पाणी स्वच्छ दिसू शकतं. विहिरीत उतरू नका, वाफेने जीव गुदमरतो. दोरीला बाटली बांधून सोडा. बाटली १ लिटरची, तपकिरी काचेची, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाची हवी. ती आम्ही देतो. प्लास्टिकची चालत नाही, तेल त्यात शोषलं जातं. आमच्या बाटलीत आम्ल असतं, म्हणून ती विसळू नका, काठोकाठ भरून सांडवू नका, हाताला लागू देऊ नका. बर्फात ठेवून त्याच दिवशी आणा, पण गोठवू नका. आम्लाच्या नमुन्यातून १४ दिवसांत तेल काढावं लागतं; आम्ल नसेल तर ७.

सोबत संशयित टाकीतलं थोडं डिझेल आणि स्वतःच्या पंपाचं ऑइलही वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत आणा. तुलनेला काही नसेल तर तेल कुणाच्या टाकीतलं ते अहवाल सांगू शकणार नाही.