गारा (मत्स्य प्रजाती)

गारा ही सायप्रिनिडी कुलातील, म्हणजे रोहू, कटला आणि महसीर यांच्याच कुलातील, लहान माशांची प्रजाती आहे. तिच्या बहुतेक जाती डोंगराळ मुलखातील खडकाळ, वेगवान ओढ्यांच्या तळाशी राहतात आणि दगडांवरचे शेवाळ खरवडून जगतात. पश्चिम आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण व भारतीय उपखंडातून दक्षिण चीन आणि आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या या प्रजातीत दीडशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक वीतभरही लांब नसतात. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील १८२२ सालच्या ग्रंथात ‘गारा’ हे नाव प्रथम वापरले. दख्खनच्या नद्यांत सर्रास आढळणाऱ्या गारा मुल्या या जातीचे वर्णन कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये केले.

या माशाचे सर्वांत लक्षणीय अंग म्हणजे तोंडाखालची चकती. खालचा ओठ मागे वळून, रुंद होऊन ती बनलेली असते. तिचा मध्यभाग गुळगुळीत व मांसल, तर मागची मोकळी कड बारीक उंचवट्यांनी खरबरीत असते. मासा ही चकती दगडावर दाबतो, तेव्हा ती घट्ट बसते आणि प्रवाहाच्या जोराने तो वाहून जात नाही. बाकीचे शरीरही त्याच कामाला जुळलेले आहे. पोट चपटे असते, छातीचे व पोटाखालचे पर आडवे पसरून तळाला टेकतात आणि वाताशय (शरीरातील हवेची पिशवी) आखूड झालेला असल्यामुळे शरीर पाण्यात वर तरंगू पाहत नाही. हिमालयातील ओढ्यांत राहणाऱ्या बालिटोरा माशांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे: त्यांना चकती नाही, तर पसरलेले पर व सपाट पोट मिळूनच त्यांची पकड तयार होते.

तोंड खालच्या बाजूला असते आणि जबड्यांवर दात नसतात. जबड्यांच्या कठीण कडांनी मासा दगडावरचा शेवाळी थर, विशेषतः डायटम नावाचे सूक्ष्म एकपेशीय शैवाल, खरवडतो आणि घशातील दातांनी तो चिरडतो. असे अन्न पचायला वेळ लागतो, म्हणून आतडे वेटोळ्यांचे आणि शरीराच्या कितीतरी पट लांब असते. हा थर नितळ, उथळ आणि उन्हाचा प्रकाश पोहोचणाऱ्या दगडांवरच चांगला वाढतो, त्यामुळे माशाचा वावरही तिथेच अधिक दिसतो.

खळाळत्या पाण्यातील माशांच्या शरीररचनेचा पद्धतशीर अभ्यास भारतात सुंदरलाल होरा यांनी केला. गारा प्रजातीवरील त्यांचा निबंध १९२१ चा आहे. पूर्व हिमालय व आसामच्या डोंगरांतील माशांचे नातलग मधला मोठा प्रदेश ओलांडून पश्चिम घाटात कसे आढळतात, याचे उत्तर म्हणून त्यांनी १९४० च्या दशकात ‘सातपुडा सिद्धांत’ मांडला: एके काळी विंध्य-सातपुड्याच्या रांगांनी या माशांना पश्चिमेकडे येण्याची वाट दिली असावी. या मांडणीवर पुढे बरेच आक्षेप आले, तरी डोंगरी माशांच्या प्रसाराची कोणतीही गंभीर चर्चा तिच्यापासून सुरू होते, हे तिचे खरे मोल.

प्रजातीतील काही जाती ओढ्यांबाहेरही टिकल्या आहेत. ओमानमधील गारा बरेइमिए ही जाती उघड्या पाण्यात डोळस आहे, पण गुहेत तिचे आंधळे, रंगहीन मासे सापडतात. तुर्कस्तानातील कांगल येथील उष्ण झऱ्यांत गारा रूफा माणसांच्या त्वचेवरचे मृत पापुद्रे खातो. उपचाराच्या नावाखाली त्याचा व्यापारही जगभर पसरला.

गारा मुल्या आज धोक्यात नाही. परंतु दक्षिण भारतातील वेलची व पळणी डोंगरांतील मोजक्या ओढ्यांपुरती उरलेली गारा हुघी ही जाती संकटग्रस्त गणली जाते. अशा माशांना घातक ठरतो तो मुख्यतः गाळ. रस्त्यांसाठी डोंगर कापले, उतारावरचे झाड-झाडोरा काढला किंवा पात्र खणले की बारीक माती दगडांवर बसते, शेवाळी थर झाकला जातो आणि चकतीला घट्ट बसायला स्वच्छ पृष्ठभागही उरत नाही; पाणी वाहते असले तरी माशाचे अन्न आणि आधार दोन्ही एकदमच जातात. ओढ्यावरच्या बंधाऱ्यामागे पाणी संथ झाले की तिथेही हेच घडते.