इतिहास रोज दुरुस्त होतो ते गाव आणि इतिहास कुणाला नकोच ते गाव

'इतिहास नसलेल्या समाजाची कादंबरी' मागितली की तालुक्याच्या वाचनालयात दोन पुस्तकं हातात पडू शकतात: जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' (१९४९) आणि ऑल्डस हक्सलेची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२). जुनं दोन्हींत उरलेलं नाही, त्यामुळे एक वाचली की दुसरी वाचल्यातच जमा, असा समज होतो. वाचायची रीत मात्र दोन्हींची वेगळी आहे. एकीच्या सवयीने दुसरी उघडली तर ती अर्ध्यातच कपाटात जाते.

ऑर्वेलच्या समाजात इतिहासाची टंचाई नाही. तिथे तो रोज तयार होतो, त्यासाठी सरकारी खातं आहे, आणि नायक विन्स्टन स्मिथ त्याच खात्यात नोकरीला आहे. सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला हे लवकर कळेल. जमीन विकली की जुन्या मालकाच्या नावाला कंस होतो, शेजारी फेरफार क्रमांक येतो, आणि तो क्रमांक धरून तलाठ्याच्या दप्तरात मागे जाता येतं. ऑर्वेलच्या जगात फक्त फेरफार नोंद नाही. जुन्या वर्तमानपत्राचा अंक नव्या मजकुरासह पुन्हा छापून फायलीत लागतो, मूळ प्रत भट्टीत जाते. बदल झाला होता, याचाच पुरावा राहत नाही.

म्हणून ही कादंबरी वही-पेन्सिल घेऊन वाचावी. पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात बुटांचा हिशेब येतो: अंदाज १४.५ कोटी जोड, उत्पादन ६.२ कोटी. विन्स्टन जुना अंदाजच ५.७ कोटी करून टाकतो, म्हणजे उद्दिष्टापेक्षा जास्त काम झाल्याचं दिसतं. त्याच प्रकरणात चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर येणार असल्याचं कळतं. पुढच्याच प्रकरणात ते २० ग्रॅमपर्यंत 'वाढवल्याबद्दल' मिरवणुका निघतात. हे आकडे लिहून ठेवले नाहीत तर वाचकही तिथल्या लोकांसारखा मान डोलावून पुढे जातो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना छापील आकड्याखाली रेघ मारून तो खरा मानायची सवय असते. इथे रेघ मारा, विश्वास ठेवू नका.

पहिल्याच भागाच्या आठव्या प्रकरणात दारूच्या गुत्त्यातल्या म्हाताऱ्यापाशी थांबा. क्रांतीआधी दिवस बरे होते का, एवढंच विन्स्टनला हवं असतं. म्हाताऱ्याला आठवण भरपूर, पण ती उंच टोप्यांची आणि बिअरच्या जुन्या मापाची. पारावरच्या गप्पा ऐकलेल्यांना तो लगेच ओळखू येईल. हा प्रसंग करमणुकीचा समजून चाळला तर तिसऱ्या भागातली चौकशी फिकी वाटते. भूतकाळ असतो कुठे, असं तिथे विन्स्टनला विचारतात. तो म्हणतो, कागदात आणि लोकांच्या आठवणीत. कागद सत्ताधारी पक्षाच्या हातात आहेत, आणि आठवणीचा भरवसा किती, हे गुत्त्यात दिसलेलं असतं.

वाचक अडकतो तो दुसऱ्या भागाच्या नवव्या प्रकरणात. तिथे पुस्तकातलं पुस्तक येतं, पानंच्या पानं राजकीय विवेचन. पहिल्या वाचनात ते भरभर वाचलं तरी चालतं. शेवटचं परिशिष्ट मात्र सोडू नका. ते त्या राजवटीच्या भाषेबद्दल भूतकाळी क्रियापदांत लिहिलेलं आहे, जणू ती राजवट मागे पडली, आणि कुणी लिहिलं ते पुस्तकात सांगितलेलं नाही.

हक्सलेकडे खोडाखोड करणारा कारकूनच नाही, कारण मागचं शोधायला कुणी येत नाही. कालगणना फोर्डच्या मोटारीपासून, साल ६३२. संग्रहालयं कधीच बंद झाली, स्मारकं सुरुंगाने उडवली, साल १५० च्या आधीची पुस्तकं दडपली. हे सगळं तिसऱ्या प्रकरणात ओझरतं सांगून होतं. जुने कपडे शिवण्यापेक्षा फेकलेले बरे, हे मुलांना झोपेतच शिकवलेलं असतं. मन उदास झालं तर सोमाची गोळी.

वहीतले आकडे इथे फारसे कामाला येत नाहीत. अडचण आवाजांची आहे. तिसऱ्या प्रकरणात राज्य चालवणाऱ्या नियंत्रकांपैकी एक, मुस्तफा माँड, विद्यार्थ्यांशी बोलतो, लेनिना मैत्रिणीशी बोलते, बर्नार्ड दुसऱ्यांचं बोलणं ऐकून धुमसतो आणि झोपेतल्या शिकवणीचे तुकडे मधूनमधून घुसतात. पुढेपुढे तर एकेक ओळ, बोलणाऱ्याचं नाव नाही. इथे बरेच जण पुस्तक मिटतात. उपाय सोपा आहे: आधी फक्त माँडच्या ओळींना पेन्सिलीने खूण करून त्या सलग वाचा, मग पूर्ण प्रकरण. वाचनालयाची प्रत असेल तर खूण पुसट करा.

सुरुवातीची, बाटल्यांत मुलं वाढवणाऱ्या गर्भकेंद्राची माहिती तपशिलात शिरून कंटाळवाणी होते, ती एका बैठकीत उरका. कथा पकड घेते सातव्या प्रकरणात, न्यू मेक्सिकोच्या राखीव वस्तीत, जिथे लोक अजून जुन्या रीतीने जगतात. सोळाव्या-सतराव्या प्रकरणांतला माँड आणि त्या वस्तीत वाढलेल्या जॉनचा वाद घाईत वाचू नये. माँडच्या तिजोरीत बायबल असतं. बाकीच्यांना ठाऊक नसलेला इतिहास त्याला ठाऊक आहे आणि तो का नको, हे तो शांतपणे, पटेल असं सांगतो. ऑर्वेलचा चौकशी अधिकारी वेदना देऊन कबूल करून घेतो. माँडला त्याची गरज पडत नाही, म्हणून आमच्या मते दोघांत जास्त अवघड पुस्तक हक्सलेचं.

वाचनगट असेल तर ऑर्वेल आधी घ्या. त्याची गोष्ट सरळ चालते, आणि कापसाची वेचणी आटोपल्यावर रोज एक प्रकरण धरलं तर २४ प्रकरणं महिन्याच्या आत होतात. हक्सलेची १८ च आहेत, पण तिसऱ्याला दोन दिवस ठेवा.