आटे इंचाचे की मिलिमीटरचे : बडोद्याच्या शेडमधल्या दुहेरी मापांची पार्श्वभूमी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या जॉबवर्कच्या शेडमध्ये पिच गेजचे (आट्यांचा पिच, म्हणजे दोन शेजारच्या माथ्यांमधले अंतर, आणि कोन तपासायच्या पात्यांचे) दोन संच असतात, एक ५५ अंशांचा आणि एक ६० अंशांचा. मेट्रिक होऊन साठ वर्षे उलटली तरी पहिला संच अडगळीत गेलेला नाही. जुना माल संपता संपत नाही, असे त्याचे कारण सांगितले जाते. ते अर्धेच खरे. बोल्टचे इंची आटे सवयीने टिकले, पण पाइपचे इंची आटे जाणूनबुजून ठेवले गेले.

मागचा इतिहास थोडक्यात. आट्यांना देशभर चालेल असे माप पहिल्यांदा इंग्लंडात १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी सुचवले. वेगवेगळ्या कारखान्यांतले स्क्रू जमवले, सरासरी काढली आणि आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ठरला ५५ अंश. माथा आणि तळ दोन्ही गोल, आट्याची खोली पिचच्या ०.६४ पट, आणि प्रत्येक व्यासाला इंचात किती आटे ते बांधून दिलेले. हेच व्हिटवर्थचे आटे. यातला ५५ हा आकडा भूमितीतून आलेला नाही, आणि तेच त्याचे दुखणे झाले. १८६४ मध्ये अमेरिकेत ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा पुढे आला. त्यामागचा युक्तिवाद कारागिराच्या बाजूचा होता : समभुज त्रिकोण कुणालाही आखता येतो, सपाट माथा साध्या हत्याराने निघतो, गोल माथ्याला मात्र खास हत्यार लागते. युरोपने १८९८ मध्ये झुरिकच्या परिषदेत मेट्रिक आट्यांसाठी ६० अंशच स्वीकारले. इंग्लंड ५५ वर अडून बसले आणि ओघानेच हिंदुस्थानही.

बडोदे संस्थान ब्रिटिश मुलखाबाहेर असले तरी लोखंड तिथूनच येत होते. मियागाम–डभोई छोटी लाइन १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा रूळ इतके हलके होते की गाड्या बैल ओढत, पण रेल्वे आणि पुढे गिरण्या आल्या त्या इंग्रजी नट-बोल्ट घेऊनच. त्यामुळे इथल्या मिस्त्रींच्या तोंडी माप बसले ते सुताचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. पाव इंच म्हणजे दोन सुती, ५/१६ म्हणजे अडीच सुती, ३/८ म्हणजे तीन सुती, अर्धा इंच म्हणजे चार सुती.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी आणि अमेरिकी सुटे भाग एकमेकांना लागेनात, म्हणून १९४८ मध्ये इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांचे सामाईक इंची आटे ठरवले. बहुतेक नेहमीच्या मापांत इंचातली आट्यांची संख्या व्हिटवर्थइतकीच आहे. अर्धा इंच मात्र वेगळा : व्हिटवर्थला १२, या नव्या सामाईक आट्यांना (यूएनसी) १३. आयात मशीनच्या चार सुती बोल्टवर बाजारातला नट दोन फेऱ्या जाऊन आवळतो तो यामुळे.

आपल्याकडे वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, आणि अंमल १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने. बोल्टच्या आट्यांसाठी साठच्या दशकात आयएस ४२१८ हे भारतीय मानक आले : ६० अंश, व्यास मिलिमीटरमध्ये, पिचही मिलिमीटरमध्ये. ड्रॉइंगवर एम ८, एम १०, एम १२ (८, १०, १२ मिमी व्यासाचे मेट्रिक आटे) दिसू लागले. दुकानात मात्र अडीच सुती, तीन सुती, चार सुतीच चालू राहिले, आणि मिस्त्रीने एम ८ ला अडीच सुती म्हणायला सुरुवात केली. व्यासापुरते ते चालून जाते : ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. पिच मात्र वेगळा. व्हिटवर्थ ५/१६ ला इंचात १८ आटे, म्हणजे १.४११ मिमी, एम ८ ला १.२५. दोन सुतीला २० आटे, म्हणजे १.२७, एम ६ ला १.०. चार सुतीला १२ आटे, म्हणजे २.११७, एम १२ ला १.७५. या तिन्ही जोड्या पहिल्या-दुसऱ्या फेरीतच अडकतात. चूक लगेच हाताला कळते, नुकसान होते ते फार तर एका नटाचे.

घात करते ती तीन सुतीची जोडी. व्हिटवर्थ ३/८ चा व्यास ९.५२५ मिमी आणि इंचात १६ आटे, म्हणजे पिच १.५८७५. एम १० चा पिच १.५. एका आट्यामागे फरक ०.०८७५ मिमी, म्हणजे डोळ्याला शून्य. शिवाय बोल्ट नटापेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर बारीक असल्यामुळे पिचमधला फरक त्या ढिलाईत जिरून जातो. एम १० चा नट तीन सुती बोल्टवर आरामात चढतो, जरा हलतो, इतकेच. आटे एकमेकांत अडकतात ते बाजूला सुमारे अर्धा मिलिमीटर, आणि भार दोन-तीन आट्यांवरच येतो. हाताने घट्ट वाटते. पान्याला दांडा लावून ताण दिला की आटे सोलून निघतात. उलट बाजूने, म्हणजे एम १० चा बोल्ट तीन सुती नटात घालायला गेले तर जात नाही, म्हणून ही चूक एकाच दिशेने होते.

ती पकडायची असेल तर एक पिच मोजून भागत नाही. व्हर्निअरने अकरा माथे धरावेत, त्यात दहा पिच बसतात (दहा माथे मोजून दहाने भागणे ही रोजची चूक). एम १० ला १५.० मिमी येते, तीन सुतीला १५.९. व्यासही बोलका असतो : एम १० च्या नेहमीच्या ६ जी (सूट किती ते सांगणारा वर्ग) बोल्टचा बाहेरचा व्यास ९.७३ ते ९.९७ मिमी असतो, पुरा १० कधीच नाही. ९.५ दिसले तर तो झिजलेला एम १० नव्हे, तीन सुतीच. शेवटी पिच गेजची पाती उजेडासमोर धरून आट्याच्या दोन्ही बाजूंना फट दिसते का पाहावे. पाती टोकाला टेकली आणि बाजूला उजेड आला, तर पिच जुळलाय पण कोन जुळलेला नाही.

आट्याचा नेमका कस मात्र बाहेरच्या व्यासात नसतो, पिच व्यासात असतो, म्हणजे जिथे आटा आणि खाच सारख्या रुंदीचे असतात तिथल्या व्यासात. तो तीन तारांनी मोजतात. ६० अंशांसाठी तार पिचच्या ०.५७७ पट, एम १० ला ०.८६६ मिमी. एका बाजूला दोन, समोर एक अशा तारा खाचांत ठेवून मायक्रोमीटर लावला की ६ जी बोल्टचे वाचन १०.१६१ ते १०.२९३ च्या आत हवे. ५५ अंशांना तार ०.५६४ पट लागते आणि सूत्रातले गुणकही बदलतात. ६० चे कोष्टक ५५ ला लावले की चांगला माल रिजेक्ट होतो किंवा वाईट पास.

आता पाइप. बोल्ट मेट्रिक करताना पाइपचे आटे व्हिटवर्थच्या ५५ अंशांवर आणि इंचातच ठेवले गेले. आयएस ५५४ मधले आटे हेच. यावर आजही वाद होतो, आणि बडोद्यात जास्त होतो, कारण इथल्या निम्म्या कामाचा संबंध कुठल्या ना कुठल्या प्लँटच्या पाइपशी असतो. विरोधकांचे म्हणणे साधे : एका देशात दोन पद्धती कशाला? त्यांच्याकडून एक गोष्ट सुटते. युरोपातल्या मेट्रिक देशांनीही पाइपला हेच इंची आटे ठेवले होते. बोल्ट बदलायचा तर नटासकट बदलता येतो. पाइपचे दुसरे टोक भिंतीत किंवा जमिनीत गेलेले असते. शहरभर पुरलेल्या लाइनींना मेट्रिक आट्यांचा व्हॉल्व्ह लावायचा तर प्रत्येक जोडावर अडॅप्टर घालावा लागला असता, आणि प्रत्येक अडॅप्टर म्हणजे गळतीची आणखी एक जागा. आटे ठेवण्याचा निर्णय बरोबरच होता.

घोळ झाला तो नावात. अर्धा इंची पाइपचे काहीही अर्धा इंच नसते. बाहेरचा व्यास २१.३ मिमी, आतला मध्यम वर्गाच्या पाइपला सुमारे १६, आट्यांचा मोठा व्यास २०.९५५, इंचात १४ आटे. जुन्या जाड भिंतीच्या पाइपचे भोक अर्ध्या इंचाच्या आसपास असे, त्यावरून नाव पडले. पुढे भिंत पातळ झाली, पण डाय आणि सॉकेट बदलायला नकोत म्हणून बाहेरचा व्यास तोच राहिला आणि भोक वाढले. मेट्रिकीकरणात या पाइपला १५ एनबी (नॉमिनल बोअर, नावापुरते भोक) असे नवे नाव मिळाले, आणि आता त्याचे काहीच १५ नाही. बिलावर १५ एमएम, तोंडी अर्धा इंच, आटे इंचातले. आटे बदलायचे नव्हते तर नावाला हात लावायला नको होता. नवशिक्या मुलाला १५ एमएमचा टॅप आणायला पाठवले तर तो एम १५ शोधत फिरतो, आणि दोष त्याचा नसतो.

याच घोळात तिसरा भिडू आला. कोयलीची रिफायनरी १९६५ ची. मग पेट्रोकेमिकल्स, खते, नंदेसरीची रसायने. परदेशी डिझाइनच्या इन्स्ट्रुमेंटबरोबर अमेरिकी एनपीटी आटे आले : ६० अंश, सपाट माथा, टेपर (निमुळतेपणा) मात्र आपल्या ५५ अंशांच्या टेपर पाइप आट्यांइतकाच, १:१६. या आपल्या ५५ अंशांच्या पाइप आट्यांना बाजारात बीएसपी म्हणतात. पाव इंचाला बीएसपीचे १९ आटे तर एनपीटीचे १८, एक इंचाला ११ आणि साडेअकरा. ते लगेच अडतात. पण अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्हीकडे १४ च. नेमकी हीच मापे सगळ्यात जास्त खपतात.

अर्धा इंची एनपीटीचा निपल (बाहेरून आटे असलेला पाइपचा तुकडा) बीएसपी सॉकेटमध्ये (आतून आटे असलेल्या जोडात) तीन-चार फेऱ्या जाऊन छान आवळतो. टेपर असल्यामुळे हाताला खोटे काही वाटत नाही. आत मात्र ६० चा आटा ५५ च्या खाचेत एका कडेवरच टेकतो, आणि माथ्या-तळाशी एक वळणदार बोळ मोकळा राहतो. त्यात टेफ्लॉन भरतो आणि पाण्याची हायड्रोटेस्ट पास होते. लाइनीत वाफ सोडली, दोन-चारदा तापली-निवली की टेफ्लॉन सरकतो आणि जोड फुसफुसायला लागतो. मग फिटर आणखी आवळतो आणि सॉकेट उभे चिरते. व्हर्निअरने हा फरक सहज पकडता येत नाही, कारण टेपरवर कुठे मोजले त्यावर आकडा ठरतो : टोकाशी बीएसपी सुमारे २०.४ आणि एनपीटी २०.७. इथे दोन पिच गेज लागतात. १४ ची पाती ५५ च्या संचातली लावा, मग ६० च्या संचातली. जिच्या कडेला उजेड दिसत नाही ती खरी.

ऑर्डर लिहिताना नुसते अर्धा इंच बीएसपी लिहिणेही अपुरे आहे. टेपर बाहेरचा आटा आर, टेपर आतला आरसी, सरळ आतला आरपी. हे तिन्ही आट्यांवरच सील होतात. जी मात्र पूर्ण सरळ, आणि त्याचे सील वॉशरवर किंवा ओ-रिंगवर होते. जी आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळून उपयोग नाही, आणि हायड्रॉलिकमध्ये त्याचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात. बाजारातले साधे सॉकेट बहुतेक सरळ आट्यांचे असते. त्यात टेपर निपल चालतो, सरळ निपल गळतो.

दोन्ही पद्धती एका शेडमध्ये नांदल्या त्या लेथमुळे. जुन्या लेथचा लीड स्क्रू (टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंची, बहुधा इंचात चार आट्यांचा. त्यावर मेट्रिक आटे कापायला १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण २५.४ ची पाचपट १२७. हा गिअर मोठा, कव्हरमध्ये मावत नाही म्हणून काढून ठेवला जातो आणि सेकंडहँड लेथबरोबर येतच नाही. मग ६३ दात्यांवर काम भागवतात : ८० भागिले ६३ म्हणजे १.२७ च्या जागी १.२६९८, चूक आठ हजारांत एक. बोल्टला ती चालते, लांब लीड स्क्रूला नाही. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे कापताना हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा दुभागलेला नट) उघडायचा नसतो, मोटार उलटी फिरवून टूल मागे आणायचे असते. हाफ नट उघडला की टूल पुढच्या कटला भलत्याच जागी उतरते आणि आटे दुहेरी पडतात.

ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्याची वाहने आली आणि एम १० चा १.२५ पिच घेऊन आली. तोवर एम १० म्हटले की दीडच, दुकानदार विचारतही नसे. गॅरेजमध्ये तेव्हापासून पिचही बोलावा लागतो. बोल्टची डोकीही बदलली : एम १० ला जुन्या मापाने १७ चा पाना, नव्याने १६ चा, जपानी गाडीत बहुधा १४ चा.

सीएनसी आल्यावर १२७ चा गिअर अडगळीत गेला. पिच प्रोग्रॅममध्ये लिहायचा, ३/८ असो की एम १०, मशीनला सारखेच. पिचची चूक त्यामुळे जवळपास संपली आणि कोनाची वाढली. ५५ आणि ६० चे इन्सर्ट (बदलता येणारी कापायची टोके) त्याच होल्डरमध्ये बसतात, दिसतात सारखे, फरक सांगणारी अक्षरे बारीक. बीएसपीच्या जॉबला ६० चे इन्सर्ट लागले तरी पिच बरोबर येतो, टेपर बरोबर येतो. टेपर रिंग गेज तर टोक कुठवर आले एवढेच सांगते, त्यामुळे जॉब पास होतो. शंभर नगांची लॉट कापण्याआधी पहिला नग प्रोफाइल प्रोजेक्टरवर २० पट मोठा करून पाहिला, तर कोनातला फरक लगेच दिसतो. प्रोजेक्टर नसेल तर ५५ ची १४ नंबरची पाती आणि ट्यूबलाइट पुरते.