होनोलुलू की नॅझरेथ? कोआच्या दोन जुन्या युकुलेलेंची ओळख

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीला मित्राच्या घरी दोन जुनी युकुलेले, म्हणजे गिटारच्या आकाराची चार तारांची छोटी वाद्यं, टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एकाच मापाची, एकाच तांबूस-सोनेरी कोआ लाकडाची, दोन्ही १९२०च्या दशकातली. मी सरळ म्हणून गेलो, ‘ही तर जोडीच आहे.’ मित्र म्हणाला, ‘हातात घेऊन बघ.’ घेतली. पुढचे दोन तास आम्ही जेवायचंही विसरलो.

एक हवाई बेटांवरच्या होनोलुलूत घडलेलं होतं. दुसरं तिथून हजारो मैल दूर, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातल्या नॅझरेथ गावी, मार्टिन या गिटार बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात. जुनं युकुलेले समोर आलं की सगळ्यात जास्त गफलत याच दोहोंत होते, आणि मला वाटतं, तबली-दांडी-पडदे ओळखणाऱ्या आपल्या लोकांना हा फरक पटकन कळेल. म्हणून सतारीचेच शब्द वापरतो, ते इथे चपखल बसतात: तबली म्हणजे पोटावरची पातळ फळी, दांडी म्हणजे वाद्याची मान, पडदे म्हणजे तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, घोडी म्हणजे तबलीवरचा तारांचा आधार.

आधी लाकूड, कारण फसगत तिथूनच सुरू होते. कोआ फक्त हवाई बेटांवर उगवतो. झाड बाभळीच्या नात्यातलं आहे. कोकणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ पाहिली असेल तर तिची कोयत्यासारखी वाकडी पानं आठवा. मोठ्या कोआची पानंही तशीच असतात. पॉलिश केलेला कोआ उजेडात फिरवला की रेशमी साडीच्या पोतासारखी झळाळी एका बाजूकडून दुसरीकडे सरकते. साहजिकच कोआ दिसला की माणूस म्हणतो, वाद्य हवाईचं. पण मार्टिननेही १९२०च्या सुमारास कोआ मागवून त्याची युकुलेले करायला सुरुवात केली. कोआ पाहून झाड कुठलं ते कळतं, कारागीर कुठला ते नाही.

नावावरही विसंबू नका. १८७९च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. त्यात मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जुझे दु एस्पिरितु सांतु हे तिघे सुतारकाम जाणणारे होते. मळ्यातला करार संपल्यावर ते फर्निचरकडे आणि वाद्यांकडे वळले. मदेराच्या ‘माशेत’ या चार तारांच्या छोट्या वाद्याचा आकार त्यांनी घेतला, तारा लावायची पद्धत मात्र पाच तारांच्या ‘रजाँव’ची, तिची एक तार गाळून. त्यातून युकुलेले आलं. राजा कालाकौआने दरबारात त्याला मान दिला आणि ते हवाईचंच होऊन गेलं. पुढे मानुएलचा मुलगा लिओनार्दो लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे स्वतःच्या नावाची युकुलेले बनवू लागला. तेव्हा आत ‘नुनेस’ असं लेबल सापडलं, तरी वाद्य होनोलुलूचंच असेल असं नाही. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला युकुलेलेचं वेड लागलं, मुख्य भूमीवरचे कारखाने ‘हवाई’ नाव लावून माल विकू लागले. हवाईच्या कारागिरांना ‘टाबू’ हा आपला वेगळा छाप आणावा लागला, तो याच रागातून.

मग ओळखायचं कसं? माझं उत्तर ठाम आहे: दांडीच्या शेवटाकडे बघा, जिथे ती पोटाला मिळते.

होनोलुलूच्या त्या वाद्याच्या दांडीवर पडद्यांसाठी वेगळी पट्टी नव्हतीच. पितळी पडदे थेट कोआच्या दांडीत ठोकलेले, आणि दांडीची वरची बाजू तबलीशी अगदी सपाट. बोट दांडीवरून तबलीवर सरकवलं तर सांधा लागतच नाही. जुन्या हवाईयन कारागिरांची ही सवयच होती, आणि ती मदेराहून आलेली. मार्टिनवर मात्र शिसवी लाकडाची वेगळी पट्टी चिकटवलेली असते आणि बोटाला तिची पायरी लागते. साध्या प्रकारांत ती बाराव्या पडद्यापाशी, म्हणजे बरोबर पोट सुरू होतं तिथे, संपते. शिवाय मार्टिनच्या कोआच्या युकुलेलेची दांडी सहसा महोगनीची असते. हवाईकडे पोट आणि दांडी एकाच लाकडाची, एकाच रंगात. हे एकदा डोळ्यांत बसलं की दहा फुटांवरून कळतं.

काठही बोलतात. हवाईयन वाद्याच्या कडेला बऱ्याचदा दोरीच्या पिळासारखी किनार असते: गडद आणि फिकट लाकडाचे बारीक तिरपे तुकडे एकामागून एक बसवलेले. आमच्या टेबलावरच्या वाद्यात एके ठिकाणी, कंबरेच्या वळणावर, एक तुकडा बाकीच्यांपेक्षा जाड होता. कुणीतरी तो हाताने कापला होता आणि बसला तसा बसू दिला होता. त्या एका तुकड्यावर माझा जीव जडला. मार्टिनची किनार सरळ, शांत, एका रेषेत: साध्या प्रकारात शिसवाची, त्यावरच्यात हस्तिदंती रंगाच्या सेल्युलॉइडची. त्यात चूक शोधून सापडत नाही.

आत टॉर्च मारा. मार्टिनच्या पाठीवर आतून कंपनीचं आणि नॅझरेथचं नाव लाकडात दाबलेलं असतं, आणि ते पुसलं जात नाही. जुन्या नगांवर तोच शिक्का खुंट्यांच्या मागच्या बाजूलाही असतो. मार्टिनच्या युकुलेलेंना गिटारसारखे अनुक्रमांक सहसा नसतात, त्यामुळे साल खुंट्या, किनार अशा खुणांवरून काढावं लागतं. हवाईकडे कागदी लेबल. सरस वाळला की ते गळून पडतं आणि मागे उरतो फिकट चौकोन, भिंतीवरचा जुना फोटो काढल्यावर उरतो तसा.

आवाजाचं काय? दोन्ही वाद्यं अर्ध्या किलोपेक्षा हलकी. तबली इतकी पातळ की नखाने टिचकी मारली तर पापडासारखी वाजते. मार्टिनला हे लगेच जमलं नव्हतं. १९०७च्या सुमाराचे त्यांचे पहिले प्रयत्न गिटारच्या थाटाचे होते: वर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची तबली, आत जड आधारपट्ट्या. आवाज घुसमटला आणि माल चालला नाही. मग त्यांनी आधार हलका केला, सगळं अंग महोगनीचं केलं, आणि १९२०च्या दशकात त्यांच्याकडे गिटारपेक्षा युकुलेले जास्त बनू लागली. म्हणजे पातळपणाचा धडा कारखान्याने बेटावरच्या सुतारांकडूनच घेतला, माझं तरी असं ठाम मत आहे. हवाईयन वाद्याचा स्वर उघडा, चटकन येणारा, चटकन विरणारा. पण पडदे हाताने मोजलेले असल्याने वरच्या पडद्यांवर तो थोडा हलतो. मार्टिन वरपर्यंत सुरात राहतं. मैफिलीला एकच न्यायचं असेल तर मी मार्टिन उचलेन. रात्री एकट्याने वाजवायला मात्र दुसरं.

जपणुकीच्या बाबतीत दोन्ही सारखीच नाजूक आहेत आणि दोन्हींचा घात एकाच प्रकारे होतो. जुनं पॉलिश बऱ्याचदा शेलॅकचं, म्हणजे लाखेचं, आणि त्या काळी जगाला लाख मुख्यतः हिंदुस्थानातूनच जायची. स्पिरिट लावलं की ते विरघळतं. मी स्वतः एकदा एक जुनं युकुलेले ‘चकचकीत करून द्या’ म्हणून एका दुकानात दिलं होतं. त्यांनी घासून वर पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पॉलिशचा, जाड थर चढवला. वाद्य दिसायला नवं झालं आणि आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. ती चूक माझीही होती, मी नीट विचारलं नव्हतं.

थंड देशात हिवाळ्यात हीटर लागला की तबली सुकून उभी चिरते, म्हणून मित्र पेटीत ओलसर स्पंजची डबी ठेवतो आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये राखतो. तारांचं तर सांगायलाच हवं: ही वाद्यं आतड्याच्या तारांसाठी घडलेली आहेत. आज नायलॉन चालतं. पोलादी तार चुकूनही चढवू नका, तिच्या ताणाने घोडी तबलीसकट उचलली जाते. मित्राच्या मार्टिनची घोडी एका कडेने केसभर उचललेली आहे. कागदाचा चिटोरा खाली सरकवला तर तो अर्ध्यापर्यंत आत जातो. आधीच्या कुणीतरी त्यावर पोलादी तारा लावल्या होत्या.