सोलापुरातलं केमिस्ट्री-बायोकेमिस्ट्रीचं बीएस्सी

बारावी सायन्स झाल्यावर सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात बार्शी, पंढरपूर वगैरे ठिकाणच्या कॉलेजांत केमिस्ट्री मेन ठेवून जी बीएस्सी करतात तिच्याबद्दल ही नोंद आहे. बायोकेमिस्ट्री इथं बहुतेक कॉलेजांत वेगळी डिग्री म्हणून मिळत नाही, ती थोडी केमिस्ट्रीच्या ऑरगॅनिकच्या पेपरात, थोडी मायक्रोबायोलॉजीत, थोडी झूलॉजी-बॉटनीत आणि बायोटेक असेल तिथं त्यात, अशी वाटून आलेली असते, त्यामुळं पोरांना वाटतं की हे दोन वेगळे विषय आहेत. ते टाइमटेबलनं वेगळे केलेत, मुळात विषय एकच आहे, आणि हे कळायला सोलापूरसारखी जागा नाही, कारण इथं ऊस, डाळिंब, रंगाई आणि बोअरचं पाणी असं सगळं आजूबाजूलाच आहे.

इथल्या सायन्स कॉलेजांचा इतिहास विद्यापीठापेक्षा जुना. दयानंद कॉलेज 1940 चं, संगमेश्वर 1953 चं. सोलापूर विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 ला सुरू झालं, फक्त एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ, त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि साध्या मार्कशीटच्या कामाला सुद्धा कोल्हापूरकडं बघावं लागायचं. 2019 ला नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. कॅम्पस पुणे रोडवर केगावला.

रचना आता बदललीय. पूर्वी फर्स्ट इयरला तीन-चार विषय, सेकंडला त्यातले कमी आणि थर्ड इयरला पूर्ण केमिस्ट्री असं असायचं. नवीन शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून आलं, त्यात मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, क्रेडिट असं सगळं आहे, तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास, हे हिशोबात ठेवलं तर कळतं की लॅबमधे उभं राहायला वेळ जास्त द्यावा लागतो पण मार्कात तो तेवढा दिसत नाही. मेजर केमिस्ट्री घेतली तर मायनर काय घ्यायचं हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, बायोकेमिस्ट्रीकडं जायचं असेल तर मायक्रोबायोलॉजी किंवा झूलॉजी बरी पडते, फिजिकल केमिस्ट्री आवडत असेल तर मॅथ्स किंवा फिजिक्स. बारावीला मॅथ्स सोडलेल्या पोरांना थर्मोडायनॅमिक्स आणि क्वांटम जड जातं, बायो सोडलेल्यांना प्रोटीन आणि मेटाबॉलिझम, आणि दोघांनीही ते पहिल्याच वर्षी भरून काढलं तर पुढं त्रास होत नाही.

प्रॅक्टिकल

खरं शिक्षण लॅबमधे होतं. इनऑरगॅनिकला सॉल्ट अॅनालिसिस, म्हणजे दिलेल्या मिठात कोणते धन आणि ऋण आयन आहेत ते क्रमानं शोधायचं, नायट्रेटला ब्राऊन रिंग, ग्रुप टूला हायड्रोजन सल्फाइडचा तो कुजक्या अंड्याचा वास जो किपच्या उपकरणातून येतो आणि बॅच सुटल्यावरही शर्टाला राहतो. ऑरगॅनिकला स्पॉटिंग, म्हणजे दिलेला पदार्थ ओळखायचा, त्यात लॅसाइन टेस्टसाठी पदार्थासोबत सोडियमचा तुकडा फ्यूजन ट्यूबमधे लाल होईपर्यंत तापवून ट्यूब तशीच पाण्यात सोडायची, इथं सुरक्षेचा चष्मा लागतोच आणि तो घातल्याशिवाय कुणालाही पुढं येऊ देऊ नये. फिजिकलला मिथाइल अॅसिटेटचं आम्लात विघटन, ठरावीक मिनिटांनी सँपल काढून थंड पाण्यात ओतून टायट्रेट करायचं, म्हणजे ब्युरेटमधून दुसरं द्रावण थेंबाथेंबानं सोडून किती आम्ल आहे ते मोजायचं, हे प्रॅक्टिकल कंटाळवाणं म्हणून लोक आकडे शेजारच्याचे घेतात, पण रिअॅक्शनचा वेग म्हणजे काय हे डोक्यात बसवणारं दुसरं प्रॅक्टिकल नाही.

टायट्रेशन पहिल्या वर्षीपासून शेवटपर्यंत साथ देतं. फेनॉल्फ्थॅलिनचा एक थेंबानं येणारा फिका गुलाबी रंग ओळखता आला पाहिजे, गडद गुलाबी आला म्हणजे पुढं गेला. पाण्याचा जडपणा मोजायला इडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन, अमोनियाचं बफर टाकून पीएच 10 वर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक वाइनसारख्या लालवरून निळा होईपर्यंत. हे प्रॅक्टिकल डिस्टिल्ड पाण्यात मीठ विरघळवून करण्यापेक्षा प्रत्येकानं घरच्या बोअरचं पाणी बाटलीत आणून करावं, शेजारी उजनीचं नळाचं पाणी ठेवावं, आणि भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं, त्याच्याशी ताडून बघावं. गीझरला चढणारा पांढरा थर आणि डाळ न शिजणं याचं कारण मग पुस्तकात शोधावं लागत नाही.

सोलापूरचा उन्हाळा ही प्रॅक्टिकलची वेगळी अडचण. डायइथाइल ईथर 34.6 डिग्रीला उकळतं आणि इथं एप्रिल-मे मधे पारा 40 च्या वर असतो, म्हणजे दुपारी खोलीत ठेवलेली बाटली उकळबिंदूच्या वरच, ती उघडताना आधी बर्फात थंड करावी लागते आणि आसपास बर्नर अजिबात नको. अमोनियाच्या बाटलीचंही तसंच, झाकण तोंडाजवळ धरून उघडायचं नाही. एन्झाइमच्या प्रॅक्टिकलला लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं आणि आयोडिनचा निळा रंग यायचा थांबतो, तो अचूक वेळ मोजायचा असतो, आणि पुस्तकात वॉटर बाथ 37 डिग्रीला तापवा असं असतं, इथं मे मधे पाणी आधीच तेवढं असतं किंवा जास्त, मग थंड पाणी ओतून 37 वर आणायचं. लॅबमधले मामा हे सगळं सरांपेक्षा आधी सांगतात, कोणती बाटली कशी ठेवायची हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवानं माहिती असतं आणि त्यांचं ऐकणाऱ्याचं कमी फुटतं.

ऊस आणि साखर

सोलापूर जिल्ह्यात राज्यातले सगळ्यात जास्त साखर कारखाने आहेत, आणि केमिस्ट्री व बायोकेमिस्ट्री एकच कशी हे दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. ऊस तोडला की त्यातल्या इन्व्हर्टेज नावाच्या एन्झाइमला आणि तोडीच्या जागेवर बसलेल्या जिवाणूंना मोकळं रान मिळतं, सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज व्हायला लागतं, जेवढा ऊस उन्हात पडून राहतो तेवढी साखर कमी मिळते, म्हणून कारखाना आणि शेतकरी दोघांनाही तोडणी ते गाळप हा वेळ कमी हवा असतो. हा झाला बायोकेमिस्ट्रीचा भाग. आता तोच रस पोलरिमीटरच्या नळीत भरा. सुक्रोज ध्रुवीकृत प्रकाशाचं प्रतल उजवीकडं वळवतं, त्याचं विशिष्ट वलन अधिक 66.5, आणि पूर्ण तुटल्यावर जे मिश्रण उरतं त्याचं उणे 20 च्या आसपास, कारण फ्रुक्टोज डावीकडं जास्त जोरानं ओढतं. कारखान्याच्या लॅबमधे रोज पोल म्हणजे रसातली साखर काढतात ती याच तत्त्वावर, आणि ब्रिक्स म्हणजे विरघळलेले घन पदार्थ वेगळे मोजून दोन्हींवरून प्युरिटी काढतात. थर्ड इयरच्या पोरानं हे आम्लानं सुक्रोज तोडून स्वतः मोजलेलं असतं, पण कारखान्यातली लॅब बघायला नेणारी कॉलेजं थोडी, हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, तेव्हा एक तरी भेट व्हायलाच पाहिजे.

डाळिंबाचंही असंच. केगावला विद्यापीठाजवळच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 2005 चं, तिथं तेल्या रोगावर, म्हणजे झँथोमोनास जिवाणूवर काम चालतं. दाण्याचा लाल रंग अँथोसायनिनचा, आम्लात लाल राहतो, सोडा टाकला की बदलतो, आणि सालीत टॅनिन इतकं की फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले की काळंनिळं होतं. रंगाईत बघितलं तर रिअॅक्टिव्ह डाय कापसाच्या सेल्युलोजशी सहसंयुज बंध जोडतो म्हणून धुऊन जात नाही, आणि व्हॅट डायला आधी हायड्रोसल्फाइटनं क्षपण करून विरघळवावं लागतं, धाग्यात गेल्यावर हवेनं परत पक्का होतो. चादरी विणणाऱ्या घरातली पोरं वर्गात असतात, त्यांच्याकडून ऐकावं.

बायोकेमिस्ट्रीची थिअरी कशी वाचायची

मोलिश, बेनेडिक्ट, बारफोड, सेलिवॅनॉफ, बाययुरेट, निनहायड्रिन या साखर आणि प्रोटीन-अमिनो आम्ल ओळखायच्या टेस्ट पाठ होतात. अडतं ते पाथवे आणि सायकल्समधे, म्हणजे पेशीत ग्लुकोज टप्प्याटप्प्यानं तुटतो त्यात. ग्लायकोलिसिसच्या 10 पायऱ्या आणि क्रेब्स सायकलच्या 8 पायऱ्या बाणांचं चित्र म्हणून पाठ केल्या तर परीक्षेनंतर उडून जातात, प्रत्येक पायरीला विचारायचं की इथं काय घडलं, ऑक्सिडेशन, आयसोमरायझेशन की फॉस्फेटची देवाणघेवाण, आणि ते ऑरगॅनिकमधे आपण कुठं शिकलो. एक ग्लुकोज जळाल्यावर जुन्या नोट्समधे 36 किंवा 38 एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेचे रेणू, लिहिलेत, आता 30 ते 32 धरतात, कारण इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एनएडीएच मागं 3 ऐवजी सुमारे 2.5 आणि एफएडीएच टू मागं 2 ऐवजी 1.5 मिळतात. पेपरात जुना आकडा लिहून मार्क मिळतीलही, पण पुढच्या एंट्रन्सला अडेल, म्हणून झेरॉक्सच्या नोट्सवर राहू नये, लायब्ररीतलं पुस्तक काढावं.

भाषेचा अडथळा खरा आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोर, कधी घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारं, पेपर मात्र इंग्रजीत लिहितं. कळलेलं असतं, लिहिता येत नाही. चांगले सर-मॅडम मराठीत समजावून मग इंग्रजीत लिहून घेतात, व्हायव्हाला एक्स्टर्नल समोर सुद्धा मराठीतून उत्तर चालवून घेतात, आणि ते योग्यच आहे.

पुढं काय

एमएस्सी हा नेहमीचा रस्ता, केगावच्या कॅम्पसवर करता येते, आयआयटीत जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्यात केमिस्ट्रीचा पेपर वेगळा आणि बायोकेमिस्ट्रीवाल्यांना बायोटेक्नॉलॉजीचा. काही बीएड करतात, काही डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून पॅथॉलॉजी लॅबमधे जातात. सोलापुरात नोकरी म्हटलं तर चिंचोळी एमआयडीसीतल्या औषध कंपन्यांचं क्वालिटी कंट्रोल, शहराजवळच पण धाराशिव जिल्ह्यात येणाऱ्या तामलवाडीला अमाईन ही रसायनं बनवणारी बालाजी अमाईन्स, आणि साखर कारखान्यातलं लॅब केमिस्टचं काम. कारखान्याचं काम हंगामी, आठ-आठ तासांच्या पाळ्या, रात्रपाळीत रस, बगॅस म्हणजे चोथा, मळी यांचे सँपल घेत राहायचं. कंपनीत कार्ल फिशर टायट्रेशननं पाण्याचं प्रमाण काढता येतं का आणि एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, चालवता येतं का हे इंटरव्ह्यूला विचारतात, त्यामुळं कॉलेजात मशीन नसेल तर सुट्टीत जिथं असेल तिथं महिनाभर जाऊन शिकून घ्यावं, टायट्रेशनचा हात पक्का असलेल्या पोराला तिथं उभं करतात.